कडू दुधी

सोललेल्या दुधीची एक पातळ चकती मी सवयीनं तोंडात टाकली आणि तशीच मोरीकडे धावले.

थुंकले, चूळ भरली, पुन्हा थुंकले. जिभेच्या शेंड्यापासून घशापर्यंत नुसता कडवटपणा चिकटून बसला होता. कारल्याचा कडूपणा तोंडाला ओळखीचा असतो. हा तसा नव्हता, ह्यात काहीतरी जाळणारं होतं. दुसऱ्या टोकाची चकती कापून जिभेला नुसती लावून बघितली. तीही तशीच, कडूजहर.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले होते. वीज गेलेली होती. बार्शीत त्या उन्हाळ्यात रोज साडेसात ते साडेनऊ भारनियमन असायचं, त्याला शनिवार-रविवारचीही सुटी नाही. घामानं ब्लाऊज पाठीला चिकटला होता, तरी अंगावर सर्रकन काटा आला. चारच दिवसांपूर्वी पेपरात वाचलं होतं: कुठल्याशा गावात कडू दुधीचा रस पिऊन एक धडधाकट माणूस दुपारपर्यंत गेला. मीच ते ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आपण दुधी चाखल्याशिवाय चिरत नाही, अशी वर फुशारकीही मारली होती.

त्याच वेलावरचे आणखी चार दुधी त्या घटकेला गिरणीच्या चाळीत चार घरांत पोचलेले होते. त्यातला सगळ्यांत मोठा मी माझ्या हातानं धोंडिबा लवट्यांच्या पिशवीत घातला होता. धोंडिबांना साखरेचा त्रास. ते रोज सकाळी पेलाभर दुधीचा रस प्यायचे, आणि प्या म्हणून त्यांना मीच सांगितलं होतं.

म्हणजे खरं तर पायात चप्पल अडकवायची आणि सुटायचं, एवढंच करायचं होतं. पण माझ्या घरात तो दुधी आला कसा, ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. तो मी चोरला होता.

जुन्या जकात नाक्यामागची नगरपालिकेची अर्धा एकर पडीक जागा मेट्रनबाईंनी खेटे घालून घालून मागून घेतली होती. मेट्रनबाई म्हणजे इंदुमती घोरपडे. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, बिनलग्नाच्या, ताठ कण्याच्या. त्यांच्याभोवती आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. दोन शिक्षिका, एक पोस्टमन, बँकेतले एक जोशीबुवा, आणि मुलं शिकायला बाहेरगावी गेल्यावर घरात करमेनासं झालेल्या माझ्यासारख्या बायका. आम्ही तिथं मेथी, चुका, वांगी, गवार, टोमॅटो पिकवायचो. दर शनिवारी सकाळी सहाला तोडणी व्हायची आणि साडेसातपर्यंत बंद पडलेल्या गिरणीच्या चाळीत अकरा घरांना अकरा पिशव्या जायच्या. त्या घरांत म्हातारी माणसंच उरली होती. मुलं पुण्याला, भिवंडीला गेलेली. गेली ती गेलीच.

मळ्याचा नियम एकच होता. इथलं पानसुद्धा आपल्या तोंडी लागता कामा नये.

"आज एक शेंग खाल," मेट्रनबाई म्हणायच्या, "उद्या कोवळं कोवळं आपल्याला आणि निबर त्यांना. माणसाचा हात असाच चालतो. मी वॉर्डात तीस वर्षं बघितलाय."

परत निघताना फाटकाशी उभं राहून आम्ही आपापल्या पिशव्या उलट्या करून झटकायचो. कुणी सांगायचं नाही, सगळे आपणहून करायचे. त्यात एक प्रकारचा दिमाख होता. मी तर त्या नियमाची पहारेकरीणच झाले होते. पोस्टमन खांडेकरांनी एकदा तोडणी करता करता दोन गवारीच्या शेंगा चघळल्या, तर मी भर मंडळींत म्हटलं होतं, "अहो खांडेकर, गरिबांच्या पानातलं खाताय का?" सगळे हसले. खांडेकर बिचारे लालबुंद झाले आणि पुढच्या शनिवारपासून आलेच नाहीत. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, ते मी महिनाभर मिरवलं.

आणि त्याच मी त्या सकाळी एक दुधी गुडघ्याखाली घ्यायच्या गोणपाटात गुंडाळून घरी आणला. वेल माझा होता. म्हणजे मला तसं वाटायचं. बिया मी माहेराहून आणल्या होत्या, मांडव माझ्या हातचा होता, आठ दिवस नळाला पाणी नव्हतं तेव्हा वेल सुकून मरायला टेकला तर घरून कळशी नेऊन मी त्याला जगवला होता. लांबट, पोपटी, वर मऊ लव असलेला तो दुधी हातात आला आणि वाटलं, एकदा, फक्त एकदा ह्याची भाजी खाऊन बघावी. गोणपाट झटकायला कुणी सांगत नाही, हे मला माहीत होतं.

तर नऊ वाजता मी ओट्याशी उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे धोंडिबा नव्हते, खरं सांगते, फाटक होतं. फाटकाशी उभ्या असलेल्या मेट्रनबाई होत्या. त्यांच्यामागे जोशीबुवा, दोन्ही शिक्षिका, आणि कुठून कोण जाणे, खांडेकरसुद्धा.

मग मी हिशेब करत बसले. धोंडिबा रस घेतात सकाळी सातला, चहाच्या आधी. पिशवी पोचते साडेसातला. म्हणजे आजचा रस मागच्या दुधीचा झाला. हा दुधी कापला जाणार उद्या सकाळी. बाकीच्या तिघी भाजी टाकणार त्या अकराच्या पुढं. म्हणजे वेळ आहे. आधी काय सांगायचं ते नीट जुळवू.

खुर्ची ओढून मी बसले. मळ्यातच चाखला म्हणू? मग तेव्हाच का बोलली नाहीस? वेलाखाली एक कुजका पडला होता म्हणू? त्याची चव कोण बघेल? बाईंना दुधी बियाणाला हवेत, बदल्यात टोमॅटो देते, असं सांगून चाळीतून गुपचूप परत आणले तर? हे बरं होतं. ह्यात मी कुठंच नव्हते. पण शेवंताबाई, धोंडिबांची बायको, पुढच्या शनिवारी बाईंना विचारणारच, बियाणं धरलं का म्हणून. मग?

अशी मी एकेक थाप उचलून बघत होते आणि खाली ठेवत होते. तोंडातला कडूपणा जात नव्हता म्हणून साखरेची चिमूट टाकली, तीही कडू लागली.

एकाएकी डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. साडेनऊ. मानेवर वारा आला आणि मी डोळे मिटून घेतले. दोन-चार मिनिटं तशीच बसले असेन. बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

मग उठले, घरातले टोमॅटो पिशवीत भरले आणि लूना काढली.

चाळ दहा मिनिटांवर. पहिलं घर अंबूबाईंचं. त्या दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"अंबूबाई, सकाळचा दुधी आहे ना? द्या बरं. बाईंना बियाणाला पाहिजे."

"आत्ता गं बया! रजनीताई, दिल्यालं परत घेताय व्हय?"

"बदल्यात टोमॅटो देते ना."

"द्या, द्या. म्हातारीला काय, दुदी काय आन् तंबाटं काय." त्यांनी आतून दुधी आणून दिला. सबंध होता. माझ्या हाताला घाम इतका होता, की तो निसटून खाली पडला.

दुसऱ्या घरी पाटीखाली झाकून ठेवलेला मिळाला. तिसऱ्या घरातून फोडणीचा वास येत होता. मी चपलांसकट आत शिरले. कढईत फोडी पडलेल्या होत्या. म्हातारी "अवो ताई, अवो ताई" करत राहिली आणि मी फडक्यानं कढई उचलून गटारात रिकामी केली.

"पाल पडली होती," मी म्हटलं.

"कुटं? मला न्हाई दिसली."

"मला दिसली ना!" मी जवळजवळ ओरडले. ती बिचारी घाबरून मागं सरकली. मी टोमॅटो ठेवले आणि निघाले.

उरलं ते शेवटच्या ओळीतलं लवट्यांचं घर. बोळ लांब नव्हता. आत्तापर्यंत तिन्ही सापडले, हाही सापडेल, मी स्वतःला सांगत होते. उद्या सकाळचा आहे तो. कोपऱ्यात माठाशेजारी ठेवलेला असेल.

दार सताड उघडं होतं. धोंडिबा मोरीत ओणवे बसले होते आणि शेवंताबाई त्यांची पाठ चोळत होत्या.

"बरं झालं ताई तुमी आला," त्या म्हणाल्या. "बगा की, कसं करायल्यात. पंधरा मिन्टं झाली, वकून वकून बेजार झाल्यात."

"काय घेतलं त्यांनी?"

"काय न्हाई वो. त्यो रसच की. मागचा दुदी गुरवारीच सपला हुता. आज शनवार, ताजा येनार म्हनून सकाळधरनं उपाशी बसलं हुतं. पर लाइट नव्हती. शेजारच्या पद्मिनीचा मिक्सर हाय न्हवं, तिच्याकडनं काडून आनावा म्हनलं, तर साडेनऊपोतुर थांबाया लागलं. लाइट आली तशी पळत गेले आन् पेलाभर काडून आनला."

मी दाराची चौकट धरली. लाइट आली तशी. माझ्या डोक्यावर पंखा फिरायला लागला, तेव्हा इकडे मिक्सर फिरत होता.

"कडू लागतंय म्हनत हुतं," शेवंताबाईंचा आवाज चिरकला. "मीच म्हनलं, कडूच आसंल औशिद. रजनीताईनी सांगितलंय, प्या गुमान. समदा पाजला मीच."

धोंडिबांनी पुन्हा ओकारी काढली. ह्या वेळी मोरीच्या पांढऱ्या फरशीवर लाल उमटलं.

नंतरचं मला तुटक तुटकच आठवतं. पद्मिनीनं धावत जाऊन रिक्षा आणली. रिक्षात धोंडिबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कपाळ थंड, ओलं. आयुष्यभर सूतखात्यात उभा राहिलेला उंचापुरा माणूस, पण हात धरला तर नुसती हाडं लागत होती. ते काहीतरी पुटपुटत होते. वाकून ऐकलं तर, "ताई, तुमची साडी खराब झाली." मला रडू फुटलं. देवा, ह्याला ठेव, बाकी माझं काय व्हायचं ते होऊ दे, असं मी म्हटलं. मनापासून म्हटलं. तोवर रिक्षा दवाखान्याशी पोचली होती.

डॉक्टर तरुण मुलगी होती. मी तिला पहिल्या वाक्यात सांगितलं, "कडू दुधीचा रस प्यायलेत, पेलाभर, साडेनऊच्या पुढं." तिनं माझ्याकडे चमकून बघितलं आणि पळापळ सुरू झाली. सलाईन, इंजेक्शनं, नाकातून नळी. रक्तदाब लागत नव्हता. पडदा ओढून घेतला. पडद्याखालून फक्त नर्सच्या चपला इकडून तिकडे जाताना दिसत होत्या. त्या थांबल्या, की माझा श्वास थांबायचा.

विषबाधा म्हटल्यावर पोलिसाला कळवावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. तासाभरात एक हवालदार वही घेऊन आला. शेवंताबाई बाकावर बसल्या होत्या, मी शेजारी.

"दुधी कुठनं आणला होता, आजी?"

मी मान खाली घातली. आता येणार होतं सगळं. मळा, मंडळ, मेट्रनबाई, आणि शेवटी मी.

"बाजारातनं," शेवंताबाई म्हणाल्या.

"कुणाकडनं?"

"आता कसं सांगू बाबा? रस्त्यावं बसल्याली एक बाई हुती. म्हातारीची नदर, मला वळखू बी याची न्हाई."

हवालदारानं लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि गेला. मी शेवंताबाईंकडे बघितलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मला हायसं वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची शरम वाटायला संध्याकाळ व्हावी लागली.

मेट्रनबाई दुपारी आल्या. कुणीतरी त्यांना निरोप दिला होता. आल्या त्या सरळ पडद्याआड गेल्या, डॉक्टरशी बोलल्या, बाहेर येऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"चाळीत तू दुधी गोळा करत होतीस म्हणे. धोंडिबा आजारी पडायच्या बातमीच्या आधीपासून. तुला कसं कळलं?"

सगळ्या जुळवलेल्या थापा त्या घटकेला उडून गेल्या. "मी एक घरी नेला होता," मी म्हटलं. "चोरून. चिरायच्या आधी चाखला."

मी बाईंच्या तोंडाकडे बघायचं धाडस केलं, तर तिथं राग नव्हता. त्या एकाएकी म्हाताऱ्या दिसत होत्या.

"पाणी तुटलं, ऊन लागलं, की वेल कडू होतो," त्या म्हणाल्या. "लहान पोरीला माहीत असतं. घरात आपण चाखल्याशिवाय दुधी चिरत नाही. आणि इथं बारा बायका-पुरुष तोडायला, एकानं जीभ लावली नाही. माझ्या नियमापायी." मग थांबून म्हणाल्या, "तू मोडलास म्हणून तीन घरं वाचली. केव्हा चाखलास?"

"लगेच निघाले," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं होतं केव्हा. मी सांगितलं ते दुसरंच. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आली. रक्त थांबलं होतं, दाब वर येत होता. "आजची रात्र बघू, पण धोका टळल्यासारखा वाटतोय," ती म्हणाली. मेट्रनबाई औषधं आणायला खाली गेल्या. व्हरांड्यात मी आणि शेवंताबाई, दोघीच राहिलो.

त्या रडायला लागल्या. दिवसभरात पहिल्यांदा. "माजंच चुकलं," त्या पदरात म्हणत होत्या. "मानूस सांगत हुता कडू हाय. मीच पाजला. ह्या हातानं मारला आसता त्याला."

मला ते ऐकवेना. मेट्रनबाईंपुढं जे बाहेर पडलं नव्हतं ते इथं पडलं.

"शेवंताबाई, तुमचं काही चुकलं नाही. मी नऊ वाजताच चाखला होता. तेव्हाच मला कळलं होतं. मी अर्धा तास घरात बसून राहिले. चोरी कळेल म्हणून. तेव्हाच निघाले असते, तर लाइट यायच्या आत तुमच्या दारात असते."

त्यांचं रडणं थांबलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होते. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मी गाल पुढं केला असता. शिव्या दिल्या असत्या, तर एकेक शिवी घरी घेऊन गेले असते. खरं तर मला तेच हवं होतं.

त्यांनी पदरानं डोळे पुसले. व्हरांड्यात डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग माझ्याजवळ सरकून खालच्या आवाजात विचारलं, "ह्ये आजून कुनाला बोललाय का तुमी?"

"नाही."

"मंग बोलू नका."

"पण का? मी चुकले ना. तुम्ही मला काहीतरी बोला तरी."

"बोलून काय करू ताई?" त्या म्हणाल्या. "मागं येक मंडळी दूद वाटाया यायची. येका शनवारी नासकं आलं. आमच्यातल्याच येकानं तक्रार केली, भांडान झालं. फुडल्या शनवारी गाडीच आली न्हाई. धा-अकरा घरं हायती आमची. म्हनून तर त्या पोलिसाला बी मी बाजारातनं म्हनलं. त्येला मळा सांगितला आसता, तर कुलूप लागलं आसतं तुमच्या फाटकाला."

त्यांनी माझा हात धरला. तो धरण्यात माया नव्हती. राग तर नव्हताच. त्या बाईच्या हाताला बारीक कंप होता, आणि मला तेव्हा कुठं कळलं, की दिवसभर मी जिला-तिला घाबरत होते आणि ही मला घाबरत होती.

"मला काय बी राग न्हाई," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "कुनाला बी न्हाई. यांना बी मी सांगून ठिवते. तुमी मनाला लावून घिऊ नका. येत्या शनवारी याल न्हवं?"

मी येईन म्हटलं. मी येईन म्हटल्यावर त्यांनी माझा हात सोडला.